पुढे केलेली मूठ

ख्रू थोंगखाम यांनी सदऱ्याच्या खिशातून दोरीचा एक तुकडा काढला, दोन्ही तळहातांवर आडवा ठेवून माझ्यापुढे धरला आणि विचारले, "नायचांग, अशी दोरी तुमच्या गिरणीत निघेल का?"

करंगळीपेक्षा थोडा बारीक, वितीएवढा लांब तुकडा. सूत हातकताईचे, न धुतलेले, वयाने पिवळे पडलेले. मी एक टोक चिमटीत धरून पीळ सावकाश उलगडला. पीळ मऊ होता, पण कुठेही सैल नव्हता. हे जमवायला कातणाऱ्याचा हात फार स्थिर लागतो.

"निघेल," मी म्हणालो. "किती हवी?"

"चार हातांना पुरेल एवढी. मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळायची. मात्र सलग हवी, मध्ये गाठ चालणार नाही."

"चार हात?"

"दोन माझ्या प्रासितचे, दोन समोरच्याचे. आमच्या घराण्यात दोरी एकच असते. झुंजीच्या आधी दोघांचे गुरू दोन टोकं धरतात आणि मधोमध कापतात. अर्धी याच्या हातावर, अर्धी त्याच्या. मग कुणाच्या मनात किंतु राहत नाही."

माझ्यामागे आदगोंडा मगदूम तेलाची झारी घेऊन उभा होता. हा आमचा फिटर, नांदणीचा. तरुणपणी कुस्तीची मैदाने मारलेला. थायलंडमध्ये येऊन त्याला काही वर्षे झाली होती आणि तिथली भाषा त्याला समजत असे. बोलताना मात्र तो थेट शिरोळ तालुक्यात जाई.

"म्हंजे मारायचं ते बी एकाच कापसानं?" तो म्हणाला.

मी भाषांतर करून सांगितले. ख्रू हसले. "परक्या दोरीचा मार जास्त लागतो, म्हणावं त्यांना."

तिकडे यंत्रे जाणणाऱ्या माणसाला नायचांग म्हणतात, आणि गुरूला ख्रू. मी सोलापूरच्या तंत्रनिकेतनातून वस्त्रनिर्माणाची पदविका घेतलेला माणूस. निवृत्तीनंतर थायलंडच्या ईशान्येकडील एका लहान शहरात नव्या सूतगिरणीच्या उभारणीसाठी गेलो होतो. गिरणीच्या कुंपणामागे चिंचेच्या झाडांखाली ख्रू थोंगखाम यांचे लाकडी घर आणि घराला लागून मुष्टियुद्धाची तालीम होती. माडीवरच्या दोन खोल्यांत मी आणि मगदूम राहत असू. खाली ख्रू, त्यांची मुलगी मालै आणि तिच्या पाठचा भाऊ प्रासित. मालै गिरणीच्या फाटकासमोर खाणावळ चालवी. प्रासित घरात वडिलांना 'फो' म्हणे, म्हणजे बाबा. तालमीची चौकट ओलांडली की 'ख्रू'. ही सीमा त्याने मोडलेली मी कधी पाहिली नाही.

त्या तालमीत एके काळी मुलांना उभे राहायला जागा पुरत नसे, असे मालै सांगायची. मी गेलो तेव्हा शिष्य एकच उरला होता, तो म्हणजे तिचा भाऊ. बाकीचे हमरस्त्यावरच्या काचेच्या दारांच्या नव्या व्यायामशाळेत गेले होते. तिथे वातानुकूलन होते, आरसे होते, मोठ्या आवाजात गाणी लागत, आणि मुलांना पहिल्या दिवसापासून पुढे जायला शिकवत: मारा, पुढे जा, पुन्हा मारा. ख्रू पहिले काही महिने फक्त उभे राहायला शिकवत. एका पायावर, गुडघा छातीशी, समोरचा ढकलतो आहे आणि आपण ढळायचे नाही. त्यांच्या जुन्या पद्धतीत मार किती दिला यापेक्षा तो देताना आणि घेताना तोल कसा राहिला, याला मोल होते. ज्याचा चेहरा बदलला तो हरला, असे ते म्हणत.

"अवो सायेब," मगदूम मला म्हणायचा, "आमच्यात माती जाऊन गादी आली, तवा आमच्या वस्तादांनी असंच तोंड केलं हुतं बघा. शेवटी कोण इचारतंय?"

तरीही तो रोज सकाळी खाली जाऊन प्रासितसमोर ठोसे झेलायच्या ढाली धरून उभा राही. प्रासित त्याला 'पी मगदूम' म्हणे, म्हणजे मगदूमदादा, आणि त्याच्या सुटलेल्या पोटावर पायाचा तळवा हलकेच टेकवून म्हणे, "इथे मारू का? आवाज चांगला येईल."

"मार की, मर्दा. त्यात तुझ्याच भनीचा भात हाय."

त्या वर्षीच्या देवळाच्या जत्रेत मी पहिल्यांदा प्रासितची झुंज पाहिली. दोरीची प्रथा मागेच बंद पडली होती; हातमोजे घालून, पाच फेऱ्यांची लढत. आधी गुरुवंदनेचे संथ नृत्य, मग ढोल आणि सनईसारखे एक वाद्य. ते वाजवणारा म्हातारा ख्रूंचा बालमित्र होता, आणि झुंज तापेल तसा त्याचा सूर चढत जाई. पहिल्या दोन फेऱ्यांत दोघे जेमतेम एकमेकांना चाचपत राहिले.

"ही मारामारी हाय का पूजा?" मगदूम पुटपुटला. "नांदणीच्या मैदानात येवड्यात तीन जोडी सुटली असती."

पुढच्या दोन फेऱ्यांत त्याचे तोंड बंद झाले. प्रासित समोरच्याचा पाय हवेत धरी, क्षणभर तोलून पाही आणि असा काही खाली टाकी की टाकलेला माणूसच चकित होई. शेवटच्या फेरीत मात्र भलतेच घडले. प्रासित दोन पावले मागे सरला, त्याने उजवा हात खाली सोडला आणि डावी मूठ पुढे केली. समोरच्याने आपली मूठ तिला टेकवली. म्हाताऱ्याने सूर उतरवला, आणि उरलेला वेळ दोघे नुसते गोल फिरत राहिले.

"आरं, हाण की!" मगदूम उठून उभा राहिला. "सायेब, कुस्ती सोडवली का काय यांनी?"

ख्रूंनी त्याला हाताला धरून खाली बसवले. "निकाल लागला होता," ते मला म्हणाले. "त्यांना दोघांना कळला होता, लोकांना कळला होता. आता आणखी मारून काय मिळवायचं? हरलेल्यालाही उद्या भातलावणीला जायचं असतं."

मगदूमच्याही कानावर ते पडले. फेरी संपेपर्यंत तो त्या दोघांकडे बघत राहिला. "ह्ये मातुर बरं हाय," तो शेवटी म्हणाला.

दोरीची गोष्ट यानंतरची. बँकॉकहून एक आयोजक आला. दूरदर्शनवर 'प्राचीन शैली'च्या झुंजी दाखवायच्या, हातमोज्यांऐवजी पुन्हा दोरी बांधायची, नृत्य ठेवायचे, वाद्ये ठेवायची, अशी त्याची योजना होती. जिल्ह्याच्या स्टेडियममध्ये पहिली झुंज, आणि तिच्यासाठी त्याला जुन्या घराण्यातला मुलगा हवा होता. ख्रूंनी आधी नकारार्थी मान हलवली. प्रासितने त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून सांगितले, "ख्रू, ते दोरी परत आणतायत."

त्या वाक्याने म्हातारा हलला. दोरी बांधून झुंजलेली माणसे त्यांनी स्वतःही पाहिली नव्हती. त्यांच्या गुरूंनी पाहिली होती. त्या दिवशी ते मला चिंचेखाली म्हणाले, "नायचांग, लोकांनी हे एकदा बघितलं तर मुलं परत येतील. प्रासित जिंकला तर तालीम राहील. नाहीतर माझ्यामागं मालै इथं दुकान काढेल, आणि तिचं काही चुकणार नाही."

दोरी मी स्वतः उभा राहून काढली. पीळ जास्त झाला तर सूत स्वतःवरच वळते आणि टणक होते. कमी झाला तर ताणाला सुटते. तीन प्रयत्न मी रद्द केले. चौथी दोरी ख्रूंनी गालावरून फिरवून पाहिली, दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि काही न बोलता घेऊन गेले.

झुंजीच्या आदल्या दिवशी नियम सांगण्याची बैठक होती. ख्रू मला बरोबर घेऊन गेले. आयोजकाचा माणूस तरुण आणि सभ्य होता. फेऱ्या तीन. सतत पुढे जाऊन लढणाऱ्याला गुण, मागे सरणाऱ्याला ताकीद.

"आणि निकाल आधीच लागला तर?" ख्रूंनी विचारले.

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटच्या फेरीत एक जण पुढे आहे, हे सगळ्यांना दिसतंय."

"मग काय, आजोबा," तो हसून म्हणाला, "घंटा होईपर्यंत लढायचं. लोक त्यासाठीच तर बघतात."

परतीच्या वाटेवर ख्रू म्हणाले, "बोलायला असं बोलतात. एका दोरीची दोन माणसं समोरासमोर आली, की काय करायचं ते त्यांचं त्यांना कळतं." मला ते पटले. छापील नियम आणि प्रत्यक्ष रीत यांत नेहमीच अंतर असते. गिरणीत मी आयुष्यभर तेच पाहत आलो होतो.

रविवारी दुपारी स्टेडियम भरले. प्रासितचा प्रतिस्पर्धी देचा नावाचा, बँकॉकच्या नव्या पद्धतीच्या व्यायामशाळेत लहानपणापासून वाढलेला, रुंद खांद्यांचा आणि लाजऱ्या चेहऱ्याचा मुलगा होता. त्याने ख्रूंना वाकून नमस्कार केला. दोरी कापायची वेळ आली तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाने आपले टोक एका हाताने धरले. दुसऱ्या हातात त्याचा मोबाइल होता. ख्रूंनी मधोमध कात्री चालवली. दोन्ही अर्ध्या त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर जुळवून पाहिल्या. बोटभरही फरक नव्हता.

मग प्रासितचे हात बांधले गेले. पेरांवर दोरीचे वेढे शंखासारखे बसवले. बापाने मुलाच्या डोक्यावर मोंगखोन चढवले. हे मंतरलेले कडे गुरूनेच घालायचे असते आणि गुरूनेच उतरवायचे असते. नृत्य झाले, पण जाहिरातींच्या वेळेत. कॅमेरे सुरू झाले तेव्हा ते संपत आले होते. ख्रूंनी मोंगखोन उतरवले, मुलाच्या कपाळावर फुंकर घातली आणि ते माझ्या आणि मगदूमच्या मध्ये येऊन बसले.

पहिल्या फेरीत देचा यंत्रासारखा येत राहिला. प्रासित वाट देत होता, आणि वाट दिल्याबद्दल पंचाने त्याला ताकीद दिली. लोक ओरडले. दुसऱ्या फेरीत प्रासितला देचाची चाल उमगली. आलेला पाय त्याने धरला, तोलला, टाकला. पुन्हा धरला, पुन्हा टाकला. लोक आता वेगळेच ओरडू लागले, आणि त्यात आमच्या मगदूमचा आवाज सर्वांत मोठा होता: "तोड रं माझ्या वाघा!" तिसऱ्या फेरीत प्रासितच्या कोपराचा फटका देचाच्या कपाळावर बसला आणि तो गुडघ्यांवर आला. पंचाने आकडे मोजले. तो उठला, पण पाय त्याचे राहिले नव्हते. सगळ्या स्टेडियमला निकाल दिसत होता.

कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या वादकालाही दिसला. त्याने सवयीने सूर उतरवला.

प्रासितने तो उतरलेला सूर ऐकला. तो दोन पावले मागे सरला, उजवा हात खाली सोडला आणि डावी मूठ पुढे केली. दोरीचे वेढे दिव्यांच्या प्रकाशात पांढरेशुभ्र दिसत होते. तो किंचित हसत होता.

"झालं," ख्रू माझ्या शेजारी हळूच म्हणाले. इतक्या सुखाने उच्चारलेला शब्द मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता.

देचाने त्या मुठीकडे पाहिले. काय करावे हे न कळल्यासारखा तो क्षणभर थांबला. मग पुढे केलेल्या हातावरून त्याने उजवा ठोसा घातला.

प्रासित पाय न हलवता सरळ मागे पडला. त्याचे डोके आधी टेकले. पडल्यावरही त्याची डावी मूठ तशीच पुढे होती.

लोक उभे राहून नाचत होते. आयोजकाच्या मोठ्या पडद्यावर तोच ठोसा सावकाश करून पुन्हा पुन्हा दाखवत होते: मूठ पुढे येते, दोन पांढरे हात एकमेकांवरून जातात, चेहरा वळतो. मगदूम दोर ओलांडून केव्हाच रिंगणात पोहोचला होता. ख्रू पडद्याकडे पाहत बसून होते. मी त्यांना उठवले तेव्हा त्यांनी विचारले, "त्यानं मूठ टेकवली ना? मला नीट दिसलं नाही."

प्रासितच्या डोक्याची शस्त्रक्रिया झाली. तो वाचला, असे डॉक्टर म्हणाले. पट्टी बदलायला परिचारिका आली त्या सकाळी मी तिथेच होतो. ख्रू खुर्चीवरून उठले आणि त्यांनी तिचा हात अडवला.

"ते मी उतरवतो. ते गुरूचं काम असतं."

"ही पट्टी आहे, आजोबा," ती हळुवारपणे म्हणाली. "जंतुसंसर्ग होईल. बाजूला व्हा बरं."

ते बाजूला झाले. दोन्ही हात जोडून ते भिंतीशी उभे राहिले आणि दुसऱ्या कुणाला तरी आपल्या मुलाच्या डोक्यावरचे वेढे सोडताना पाहत राहिले.

बिघाड झाला की यंत्राचा एकेक भाग सुटा करून दोष शोधायचा, हे मला तरुण वयात शिकवले गेले. त्या दिवसांत मी मनातल्या मनात तेच करत होतो. पंचाने नियमाबाहेर काही केले नव्हते. ठोसा नियमात होता. आयोजकाने काही लपवले नव्हते, सगळे आधी सांगितले होते. वादकाने नेहमीसारखे वाजवले होते. दोरी निर्दोष होती. ती मी निर्दोष केली होती, आणि तिचा अर्धा भाग त्या मुठीवर होता. प्रत्येक भाग आपापल्या जागी नीट काम करत होता.

प्रासितला घरी आणल्यावर देचा भेटायला आला. कपाळावर टाके, हातात फळांची करंडी आणि कागदात गुंडाळलेली दोरी. त्याने ती धुऊन, वाळवून, घडी घालून आणली होती. तो ख्रूंसमोर जमिनीवर बसला.

"तुमच्या घराण्यात ती परत करतात, असं कुणीतरी सांगितलं," तो म्हणाला.

ख्रूंनी दोरी घेतली. मालै आतून पाणी घेऊन आली, त्याच्यासमोर ठेवले आणि त्याच्याकडे न पाहता आत गेली.

"मला वाटलं तो दमला," देचा म्हणाला. "खरंच सांगतो, ख्रू. आम्हाला असंच शिकवलंय, की समोरच्याचे हात खाली आले की तीच वेळ." मग त्याने मान वर केली. "पण तो मूठ पुढे का करत होता? मी सगळ्यांना विचारलं. आमच्यात कुणालाच माहीत नाही."

मी ख्रूंकडे पाहिले. एवढी वर्षे ते कुणीतरी येऊन काही विचारावे म्हणून त्या तालमीत बसले होते. ते हातातल्या दोरीची घडी पुन्हा घालू लागले.

उत्तर प्रासितने दिले. तो पलीकडे बाकावर उशांना टेकवून बसवलेला होता. त्याची उजवी बाजू गेली होती, वाचा जवळजवळ गेली होती. देचाकडे पाहून त्याने डावा हात सावकाश उचलला, मूठ वळली आणि पुढे केली.

देचा उठला आणि रडत बाहेर निघून गेला. मगदूम त्याच्यामागे गेला; फाटकाशी त्याच्या खांद्यावर हात ठेवून मराठीत काहीतरी बोलत राहिला. मूठ तशीच हवेत होती. शेवटी ख्रू उठले, मुलाजवळ गेले आणि त्यांनी आपली म्हातारी मूठ तिला टेकवली. तेव्हा कुठे प्रासितने हात खाली घेतला.

नंतर ते रोजचेच झाले. जो कुणी समोर येई त्याच्यापुढे प्रासित मूठ करी: माझ्यापुढे, मालैपुढे, डॉक्टरपुढे, दाराशी आलेल्या कुत्र्यापुढे. कुणी मूठ टेकवली नाही, तर हात तासन्‌तास तसाच राही आणि खांदा थरथरू लागे. त्यामुळे ख्रू त्याच्याजवळून हलत नसत. जो एकच शब्द त्याला नीट बोलता येई, तो 'ख्रू' होता. 'फो' त्याच्या तोंडून पुन्हा आला नाही; तालमीच्या चौकटीतून तो घरात परत आलाच नव्हता.

गिरणी सुरू झाली आणि माझे काम संपले. निघताना मी प्रासितच्या मुठीला मूठ टेकवली, ख्रूंना नमस्कार केला. त्यांनी मला तो जुना वितीएवढा तुकडा दिला. "नमुना तुमच्याकडे राहू दे," ते म्हणाले. "इथं आता कोण मागणार?"

तीन वर्षांपूर्वी ख्रू गेल्याचे मला मगदूमकडून कळले. तो अजून तिकडेच होता, आता दुसऱ्या गावच्या गिरणीत. मी मालैला फोन लावला. तिने तालमीच्या जागेत दुकान काढले होते. गिऱ्हाइकांचे आवाज ऐकू येत होते. बोलायचे ते बोलून झाल्यावर मी विचारले, "प्रासित अजून मूठ पुढे करतो?"

"करतो, नायचांग."

"मग आता कोण..."

पलीकडे कुणीतरी साबण मागितला. तिने तो दिला असावा.

"मी दिवसभर दुकानात असते," ती म्हणाली. "त्याची खुर्ची आम्ही भिंतीला लागून ठेवलीय, भिंतीकडे तोंड करून. मूठ टेकते तिथं."